सेकंडहँड कॅनन सिक्स डी : आठ महिने अंधारात वापरून झाल्यावर

आधीच सांगून टाकते, हा कॅमेरा २०१२ चा आहे. आणि मी तो घेतला गेल्या जुलैत, वापरलेला, नुसती बॉडी म्हणजे लेन्सशिवाय, २८,००० ला. घरी कळल्यावर आईने पहिला प्रश्न विचारला की एवढ्यात चांगला मोबाईल नसता का आला, आणि खरं सांगू का, तो प्रश्न काही वेडा नाहीये, त्याच्याकडे नंतर येते.

घ्यायचं कारण एकच. माझा मामेभाऊ एका नाटकाच्या ग्रुपमध्ये आहे, एकांकिका करतात, तालमी परळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये आणि मी त्यांची फुकटची फोटोग्राफर. फुकटची म्हणजे वडापाव आणि कटिंगवर. माझ्याकडे आधी एन्ट्री लेव्हलचा क्रॉप सेन्सरवाला, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप छोटी असलेला, डीएसएलआर होता, कंपनीचं नाव नको, कारण त्याची फारशी चूक नव्हती हे मला आता कळलंय. त्यावर कॅमेऱ्यासोबतच येणारी किट लेन्स १८-५५, झूम केला की ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाश येण्याचं भोक, गपगार एफ ५.६ वर येऊन बसणार (एफचा आकडा जितका मोठा तितकं भोक लहान). त्यांच्या एका एकांकिकेत एक सात मिनिटांचा प्रसंग आहे, मुलगी आणि तिचा बाप, मध्ये एक कंदील, बाकी सगळं स्टेज काळंकुट्ट. लाइट्सवाला म्हणतो मूड आहे. तुझा मूड होतो रे बाबा, माझ्या फोटोची वाट लागते. आयएसओ (कॅमेरा मिळालेला उजेड किती वाढवून दाखवतो तो आकडा) ६४०० केला तरी शटर १/१५ सेकंदाच्या वर जाईना, म्हणजे बापाच्या तोंडावर कोणीतरी रवा भुरभुरल्यासारखं, त्या रव्यात लाल-निळे दाणे, आणि एवढं करून फोटो हललेला. भाऊ म्हणाला, ताई, पोस्टरला मोबाईलचाच टाकतो. मला जाम लागलं ते.

मग नेहमीचं चक्र, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत व्हिडिओ बघणं, प्रत्येक जण म्हणणार लो लाइटला फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरवाला, घ्या, आणि नवीन फुल फ्रेमची किंमत बघून मी लॅपटॉप मिटणार. तेव्हा ऑफिसमधल्या एका दादांनी सांगितलं, जुना फुल फ्रेम बघ, सिक्स डी बघ, अंधारात अजून मस्त चालतो.

फोर्टातल्या कॅमेऱ्यांच्या दुकानांबद्दल वेगळं लिहावं लागेल खरं तर. सीएसएमटीला उतरायचं, बोरा बाजारच्या बाजूच्या गल्ल्यांत शिरायचं, आणि काचेमागे रांगेने डोळे वटारून बसलेल्या लेन्सा बघत हिंडायचं. मी ऑफिस सुटल्यावर तीन संध्याकाळी गेले. पहिल्या दुकानात जो पीस दाखवला त्याच्यासोबत दिलेल्या लेन्सच्या आत टॉर्च मारून बघितलं तर कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक फांदी फांदी, फंगस म्हणजे बुरशी. दुकानदार म्हणाला, मॅडम, फोटोत दिसत नाही. हो, आज नाही दिसत, मुंबईचा एक पावसाळा जाऊ दे मग बघू. निघाले. दुकानाचं नाव सांगणार नाही, तुम्ही कुठेही घेतलंत तरी टॉर्च सोबत न्या, एवढंच.

ज्यांच्याकडून घेतला ते काका शांत होते. त्यांनीच दाखवलं कसं तपासायचं ते. लेन्सला टोपी लावायची, शटर ३० सेकंद, आयएसओ १६०० वगैरे, फोटो काढायचा आणि झूम करून बघायचं. काळ्या फोटोत लाल, हिरवे, पांढरे ठिपके दिसतात ते हॉट पिक्सेल. पाच-सात असले तर काही नाही, सगळ्या सेन्सरना थोडे असतात, सेन्सर तापला की वाढतात, पण आभाळात चांदण्या दिसाव्यात तसे दिसले तर हात जोडून बाहेर. माझ्या पीसमध्ये मोजून चार होते. शटर काउंट, म्हणजे आजवर किती फोटो निघालेत तो आकडा, या कॅमेऱ्याच्या फोटोच्या माहितीत येत नाही, लॅपटॉपला जोडून वेगळ्या सॉफ्टवेअरने बघावा लागतो, काकांनी बघून दिला, ४१ हजारच्या आसपास. कंपनी या शटरचं आयुष्य एक लाख सांगते, म्हणजे अर्ध्याच्या आत. रबर थोडं सुटलेलं, पट्टा कोणाच्यातरी घामाने खारवलेला (तो पहिल्या दिवशीच फेकला). सोबत वेगळी एक ८५ एमएम एफ १.८ घेतली वापरलेलीच, आणि ५० एमएम १.८ माझ्याकडे आधीची होतीच.

आता मुद्द्याचं.

पहिल्या रात्री घरीच टेस्ट केली. आमची चाळीतली खोली, आजी देवासमोर बसलेली, वर झिरोचा बल्ब आणि खाली समई, बाकी काही नाही. आयएसओ ३२०० ठेवला, मग ६४००, मग १२८००, मग २५६००, एकेक करत गेले. आजी म्हणाली, काय गं खटॅक खटॅक लावलंय, जप मोडतोय. मग सायलेंट मोड सापडला. (या मोडमध्ये आवाज जात नाही, मऊ होतो, खटॅकचं खुसुक होतं. पण नाटकाला तेवढा फरक पुरतो, पहिल्या रांगेतला माणूस मागे वळून बघत नाही.)

लॅपटॉपवर बघितलं आणि मी दोन मिनिटं गप्प. ३२०० ला काही नाहीच, म्हणजे शोधून शोधून सावलीत थोडे दाणे. ६४०० ला दाणे दिसतात पण बारीक, एकसारखे, काळ्या-पांढऱ्या दाण्यांसारखे, जुन्या कॅमेऱ्यात यायचे तसे लाल-निळे नाहीत. आजीच्या नऊवारीच्या काठाची वीण दिसत होती. १२८०० ला वीण जाते पण चेहरा राहतो. २५६०० ला फोटो छोटा करून व्हॉट्सॲपवर टाकायला ठीक. त्याच्या वर मेनूत उघडून घ्यावे लागणारे एच १ आणि एच २ म्हणून दोन आकडे आहेत, ५१२०० आणि १,०२,४००, ते दुकानात दाखवायला ठेवलेत असं समजा, पट्टेच पट्टे. आजीला ६४०० चा दाखवला तर म्हणे, सुरकुत्या मोजायला आणलास का एवढ्या पैशांचा.

आता इथे माझी एक मोठी गैरसमजूत होती आणि ती या कॅमेऱ्याने मोडली, म्हणून जरा लांबण लावते, ज्यांना माहितीये त्यांनी पुढचे काही पॅरे सोडा.

मला वाटायचं आयएसओ वाढवला की नॉइज, म्हणजे तेच दाणे, येतो. म्हणजे आयएसओ हा गुन्हेगार. सगळे तसंच बोलतात ना, आयएसओ कमी ठेव, नॉइज येईल. पण नॉइज मुळात येतो प्रकाश कमी पडला म्हणून. असं बघा, रात्री बारा-साडेबाराला करी रोड स्टेशनच्या जिन्यावर उभे राहा आणि दर मिनिटाला किती माणसं उतरतात ते मोजा. एका मिनिटात ४, पुढच्यात ९, मग २. सरासरी ५ असेल पण आकडा उड्या मारतो. तेच सकाळी नऊला दादरच्या पुलावर मोजा, समजा मिनिटाला हजार, तर तीसेक इकडे तीसेक तिकडे, कोणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही. (लोक गाडीतून गठ्ठ्याने उतरतात, ताई, उदाहरण चुकलं, असं म्हणणारे येतीलच, समजून घ्या.) प्रकाशाचे कण सेन्सरवर असेच पडतात, सुटे सुटे, बेभरवशाचे. एका पिक्सेलवर सरासरी १०० कण पडणार असतील तर साधारण १० चा फरक, म्हणजे दहा टक्के. १०,००० पडले तर फरक १०० चा, म्हणजे एकच टक्का. शेजारशेजारच्या पिक्सेलमधला हा फरक आपल्याला दाणे म्हणून दिसतो. अंधारात कण कमी, म्हणून फरक डोळ्यात येतो. आयएसओ नंतर येतो, जे काही जमलंय ते मोठं करून दाखवायला. मंडळाच्या स्पीकरचा आवाज वाढवला म्हणून गाणारा बेसूर होत नाही, तो आधीच होता, आता अख्ख्या गल्लीला कळलं एवढंच.

यातून फुल फ्रेमचा मामला पण सरळ होतो. मोठ्या सेन्सरमध्ये जादू नाहीये, क्षेत्रफळ आहे. ३६ गुणिले २४ मिलिमीटर विरुद्ध माझ्या जुन्याचा साधारण २२ गुणिले १५, म्हणजे अडीच पटीच्या वर जागा. त्याच शटरला त्याच ॲपर्चरला त्याच फ्रेमिंगला अडीच पट प्रकाश गोळा होतो. मोठं ताट, जास्त भात. आणि मेगापिक्सेल कमी असले की नॉइज कमी असं जे बोलतात ते अर्धंच खरं आहे, एकेक पिक्सेल झूम करून बघितला तर हो, पण पूर्ण फोटो एकाच साइजला प्रिंट करून बघितला तर फरक बराचसा पुसला जातो. सिक्स डी २० मेगापिक्सेलचा आहे, मला कधी कमी पडले नाहीत.

तर हे सगळं कळल्यावर मी शहाणपणा केला आणि तोंडावर आपटले.

डोक्यात बसलं होतं ना, की आयएसओने नॉइज येत नाही, मग कॅमेऱ्यात कशाला वाढवायचा, कमीच ठेवू, फोटो काळा आला तर आला, रॉ फाइल (सेन्सरची कच्ची फाइल) आहे, घरी जाऊन लॅपटॉपवर उजळू, हायलाइट, म्हणजे फोटोतले सगळ्यात उजळ भाग, पण जळणार नाहीत. यूट्यूबवर एक जण छातीठोकपणे हेच सांगत होता. ऑगस्टमध्ये एका तालमीला मी अख्खी कंदिलाची एन्ट्री आयएसओ ४०० वर काढली. घरी येऊन चार स्टॉप वर खेचलं (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) आणि काय सांगू, काळ्या भागात जांभळट डाग, आडवे बारीक पट्टे, बापाच्या काळ्या कोटावर शेवाळ धरल्यासारखं. मग चिडून घरी परत टेस्ट, समई, तेच ॲपर्चर, तेच शटर, एक फोटो ४०० वर काढून चार स्टॉप उजळलेला आणि एक सरळ ६४०० वर. ६४०० वाला स्वच्छ. म्हणजे तितकाच प्रकाश, आणि जास्त आयएसओवालाच चांगला! सगळं उलटंच की.

कारण असं की सेन्सरवरून निघालेला सिग्नल आधी मोठा केला जातो आणि मग त्याचे आकडे बनवले जातात, आणि या जुन्या कॅनन सेन्सरच्या पिढीत ते आकडे बनवणारं सर्किट स्वतःची बरीच खरखर मिसळतं. कॅमेऱ्यात आयएसओ वाढवला तर सिग्नल आधीच मोठा होऊन तिथे पोचतो, खरखर त्याच्यापुढे किरकोळ. कमी आयएसओवर सिग्नल बारका, खरखर तेवढीच, आणि मग घरी लॅपटॉपवर तुम्ही दोघांना एकत्र सोळा पट करता. नवीन सोनीच्या सेन्सरवाल्या कॅमेऱ्यांत ही खरखर इतकी कमी आहे की नंतर उजळलं काय आणि आधी वाढवलं काय, जवळपास सारखंच, तो यूट्यूबवाला त्याच्या कॅमेऱ्याबद्दल खरंच बोलत होता. माझ्याबद्दल नव्हता. तर सिक्स डी घेतलात तर अंधारात आयएसओ हिमतीने वाढवा, फोटो कॅमेऱ्यातच नीट उजेडाचा काढा, हायलाइट जळतील त्याची काळजी फक्त कंदिलाच्या ज्योतीपुरती, आणि ज्योत जळली तर जळली, ज्योतच आहे ती. उलट दिवसा ऊन-सावलीत सावल्या उपसायला हा कॅमेरा कच्चा आहे. समुद्रावरचा सूर्यास्त आणि पुढ्यात काळी माणसं, असलं काही करायचं असेल तर दुसरा बघा.

फोकसकडे वळते, कारण अंधारात नॉइजपेक्षा फोटो जास्त मारतो तो फोकस. याला ११ फोकस पॉइंट आहेत, त्यातला मधला एकच खरा. तो मधला मात्र वाघ आहे, कंपनी उणे ३ ईव्हीपर्यंत चालतो म्हणते, म्हणजे साधारण चांदण्याचा उजेड, आणि माझ्या अनुभवात कंदिलाच्या प्रसंगात तो बहुतेक वेळा पकडतो जिथे जुना कॅमेरा नुसता घूं घूं करत मागेपुढे जायचा. बाकीचे दहा पाहुण्यांसारखे, आहेत. मग काय, मधल्याने डोळ्यावर पकडायचं आणि फ्रेम हलवायची, पण एफ १.८ वर तेवढ्या हलवण्यात डोळा सुटून कान शार्प होतो. मी शेवटी फ्रेमिंगच सैल करायला लागले, माणूस मध्ये ठेवायचा आणि घरी कापायचा. लाज वाटते पण चालतं.

कंदिलाच्या त्या प्रसंगाचे माझे आकडे लिहून ठेवते, कोणाला उपयोग झाला तर : ८५ एमएम, एफ २, शटर १/१२५, आयएसओ ६४००, सगळं मॅन्युअल. तीच जागा तोच कंदील जिथे किट लेन्सवर १/१५ मिळत होता. सहा हजार चारशे दोन्हीकडे सारखाच आहे बघा. ऑटो आयएसओ ठेवून बघितला होता, पण या मॉडेलमध्ये मॅन्युअल मोड आणि ऑटो आयएसओ एकत्र ठेवलं की एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (थोडं उजळ कर, थोडं काळं कर हे कॅमेऱ्याला सांगणं) देता येत नाही, आणि काळं स्टेज बघून उजेड मोजणाऱ्या मीटरला वाटतं अरेरे फारच अंधार, तो आयएसओ वर चढवतो आणि चेहरा पांढराफट्ट. त्यामुळे मॅन्युअलच.

मग आले गणपती. आमच्या भागात राहून गणपतीत कॅमेरा घरी ठेवणं शक्य नाही. चिंचपोकळीच्या आगमनाला गर्दीत जीव मुठीत धरून दहा-बारा फोटो मिळाले, पण खरी परीक्षा अनंत चतुर्दशीला, लालबागवरून रात्री आणि मग गिरगाव चौपाटीला पहाटे. ढोल-ताशावाल्यांचे हात थांबवायचे तर १/२५० तरी लागतोच. हॅलोजनच्या उजेडात एफ २.८ ला ३२०० वर मस्त निघालं. दाणे आहेत, पण हवेत गुलाल एवढा उडत असतो की नॉइज कुठला आणि गुलाल कुठला ते माझं मला कळत नाही.

पिवळ्या उजेडाची एक गंमत मात्र तिथे नीट दिसली. त्या हॅलोजनमध्ये निळा रंग फारच थोडा असतो. म्हणजे सेन्सरच्या निळ्या पिक्सेलांच्या वाट्याला येतात चार कण. आणि मग आपण व्हाइट बॅलन्स बदलून पांढरं धोतर पांढरं करायला जातो तेव्हा सॉफ्टवेअर बिचाऱ्या निळ्याला दुप्पट-तिप्पट ताणतं. नॉइज तिथून फुटतो. त्यामुळे तोच ३२०० ट्यूबलाइटखाली साफ आणि हॅलोजनखाली घाण दिसतो, कॅमेरा खराब झालेला नसतो. मी आता पिवळं थोडं पिवळंच ठेवते. विसर्जनाची रात्र पिवळीच असते की नाहीतरी. जुना सोडियमचा दिवा याच्याही वरताण, त्यात जवळपास एकच पिवळा, तिथे रंग शोधत बसूच नका, सरळ ब्लॅक अँड व्हाइट करा.

एलईडीचं दुखणं वेगळं. मंडळांच्या कमानीवर आणि हल्ली छोट्या स्टेजवरही स्वस्तातले एलईडी असतात, ते डोळ्याला स्थिर दिसतात पण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा उघडमीट करतात, आणि शटर १/१०० च्या पुढे नेला की फोटोत आडवे गडद पट्टे. मी आधी याला पण नॉइज समजून डोकं धरून बसले होते. नंतरच्या काही मॉडेलांत याच्यासाठी अँटी-फ्लिकर आलं, यात नाही. उपाय एकच, १/१०० किंवा १/५० वर या आणि माणूस जरा स्थिर होण्याची वाट बघा. रंगीत स्टेज एलईडीची उघडमीट वेगळ्याच वेगाने चालते, तिथे हा हिशेब पण लागू पडत नाही, दोन-चार शटर स्पीड मारून बघायचे आणि जो कमी पट्टे देईल तो धरायचा.

पहाटे चौपाटीवर एक सर आली, कॅमेऱ्यावर मी दुधाच्या पिशव्या फाडून चिकटपट्टीने लावल्या होत्या, दिसायला भिकार पण काम झालं. पावसाळ्यात मी बॉडी आणि लेन्सा हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवते, रबरवाला मोठा डबा, आईचा लाडू-चिवड्याचा. दिवाळीत परत मागितला तिने. मग नवीन आणावा लागला.

सॉफ्टवेअरचं थोडक्यात. मी डार्कटेबल वापरते, फुकट आहे, त्यात कॅमेऱ्याच्या मॉडेलप्रमाणे आणि आयएसओप्रमाणे नॉइजची मापं आधीच भरलेली असतात, त्यामुळे डिनॉइज लावलं की बऱ्यापैकी समजून करतं. रंगाचे दाणे पूर्ण घालवायचे, काळे-पांढरे थोडे राहू द्यायचे, हे माझं गणित. सगळेच दाणे घालवले की माणसं मेणाची दिसतात. एआयवालं एक डिनॉइज पण महिनाभर ट्रायलवर वापरलं, खोटं कशाला बोलू, १२८०० चा फोटो ८०० चा वाटावा इतकं साफ करतं. पण एका फोटोत मागे ग्रुपचा बॅनर होता, लांबवर, आउट ऑफ फोकस, तर त्याने त्या अक्षरांना शार्प करायच्या नादात अशी काही अक्षरं बनवली की ना मराठी ना कानडी. चेहऱ्याचं पण तसंच होत असेल, फक्त चेहरा वाचता येत नाही म्हणून आपल्याला कळत नाही, असं मला तेव्हापासून वाटायला लागलंय. माझ्या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, एका फोटोला इतका वेळ घ्यायचा की मी कुकर लावून यायचे. ट्रायल संपल्यावर घेतलं नाही.

आणि प्रिंट काढून बघा हो एकदा. जानेवारीत ग्रुपच्या शोसाठी बारा बाय अठराच्या सहा प्रिंट काढल्या, त्यातल्या चार ६४०० च्या, एक १२८०० चा. स्क्रीनवर शंभर टक्के झूम करून ज्या दाण्यांना मी शिव्या घालत होते ते हातभर अंतरावरून शोधावे लागत होते. बाहेर लावल्या तेव्हा एकानेही नॉइज हा शब्द काढला नाही, लोक बघत होते कोण कसं दिसतंय. एक फोटो १/६० वर काढलेला होता, हात किंचित हललेला, तो मात्र तीन जणांनी दाखवला. दाणे चालतात, हललेलं चालत नाही. लग्नाचे फोटो काढणारे आमचे एक शेजारी काका हे आधीपासून बोलायचे, ते ४०० च्या रोलवर फ्लॅश मारत आले आयुष्यभर, त्यांना माझं ६४०० ऐकून हसू येतं.

आता आईचा प्रश्न, मोबाईल. मरीन ड्राइव्हला रात्री कठड्यावर ठेवून दोन्हीने फोटो काढले, राणीचा हार, मागे नरिमन पॉइंटच्या इमारती. मोबाईलचा फोटो जास्त छान होता. झालं समाधान? मोबाईलचा नाइट मोड एकापाठोपाठ बरेच फोटो काढून त्यांची बेरीज करतो, म्हणजे बारक्या सेन्सरवरसुद्धा कण गोळा करत बसतो, आणि इमारती काही पळून जात नाहीत. पण तोच नाइट मोड कंदिलाच्या प्रसंगात लावला तर मुलीला तीन हात आणि बापाला तोंडच नाही. स्थिर गोष्टी, घरचं जेवण, रोषणाई, प्रवास, एवढंच असेल तर हा पाऊण किलोचा धोंडा गळ्यात बांधू नका, खरंच नका. माणसं अंधारात हलत असतील, तरच.

बाकी तक्रारी पटापट. कार्डाचा स्लॉट एकच, त्यामुळे पैसे घेऊन लग्नं करणाऱ्यांनी विचार करा. स्क्रीन हलत नाही, गर्दीत हात वर करून काढताना अंदाजपंचे. सेकंदाला साडेचार फोटो, ढोलवाल्यांना पुरले, क्रिकेटला नाही पुरणार. वायफाय आहे, त्या काळात भारी होतं, आता कंटाळा येईपर्यंत वाट बघायला लावतं. बॅटरी मात्र अशी की विसर्जनाच्या अख्ख्या रात्री एकच लागली, दुसरी खिशात तशीच राहिली.

बजेट जास्त असेल तर निकॉन डी ७५० बघा, २०१४ चा आहे, फोकस पॉइंट ५१ आणि सावल्या उजळायला याच्यापेक्षा खूपच चांगला, माझ्या ४०० वाल्या मूर्खपणाला त्याने माफ केलं असतं. अजून वर गेलात तर सोनी ए ७ थ्री, २०१८ चा, डोळा ओळखून फोकस करतो, माझं ते मध्ये ठेवून कापायचं सगळं नाटकच संपेल. पण लेन्सा पण त्याच घ्याव्या लागतात आणि हिशेब मग नुसत्या बॉडीचा राहत नाही. मी आठ महिन्यांत बदलायचा विचार दोनदा केला, दोन्ही वेळा कारण फोकस होतं, नॉइज एकदाही नाही.

जुना कॅमेरा विकायला काढला होता. मामेभाऊ म्हणाला, मला दे, बॅकस्टेजचे काढतो. दिला. आठवड्यात रडत आला, ताई, फार दाणे येतात गं, तू भंगार गळ्यात मारलंस. मी काही न बोलता माझी ५० एमएम १.८ लावून दिली, एक दिवसासाठी. किट लेन्स एफ ५.६ वर जिथे ६४०० मागत होती तिथे एफ १.८ वर ६४० पुरतो, दहा पटीचा फरक आहे, कॅमेरा तोच. त्या रात्री त्याने मेकअप रूममधला एक फोटो पाठवला, आरशाच्या बल्बच्या उजेडात बाप दाढी चिकटवतोय, एकदम स्वच्छ, खाली लिहिलेलं, दाणे गेले. याला पाच आठवडे झाले. लेन्स अजून त्याच्याकडेच आहे.